माजी कोच, आजी सल्लागार

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये दर नोव्हेंबरला एक मागणी हमखास डोकं वर काढते. संघ हरत असतो, कोचला नारळ आज मिळणार की उद्या एवढाच प्रश्न उरलेला असतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘जुन्या साहेबांना परत आणा. कोच म्हणून नको, वय झालंय त्यांचं. सल्लागार म्हणून आणा. एवढा अनुभव वाया का घालवायचा? नुकसान काय आहे त्यात?’ हे ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं की नको म्हणणारा कृतघ्न ठरतो. तो ठपका घेऊन मी नको म्हणतोय. ‘नुकसान काय’ या प्रश्नाला टेनेसी विद्यापीठाने रोख उत्तर देऊन ठेवलं आहे. तरी हा प्रश्न दरवर्षी कोऱ्या चेहऱ्याने विचारला जातो, याची गंमत वाटते.

आपल्या वाचकासाठी आधी थोडी ओळख. इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळायचा अमेरिकन प्रकार. खेळणारी मुलं विशीच्या आसपासची, विद्यापीठात नाव घातलेली. पण नॉक्सव्हिल शहरातल्या टेनेसी विद्यापीठाच्या नेलंड स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात; आपलं वानखेडे तेहतीस हजारांच्या घरातलं. अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत महागडा माणूस हा राज्यपाल नसतो, कोच असतो. त्या कोचच्या वर क्रीडासंचालक, त्यांच्या वर त्या कॅम्पसचे चॅन्सेलर, आणि त्यांच्याही वर राज्यभरच्या कॅम्पसांचा कारभार पाहणारे अध्यक्ष. ही उतरंड लक्षात ठेवावी, सगळी गोम तिच्यातच आहे.

फिलिप फुल्मर हे याच मातीतले. टेनेसीत जन्मले, टेनेसीकडून खेळले आणि १९९२ ते २००८ टेनेसीचे कोच होते. १५२ विजय, ५२ पराभव. पुढे देशभर गाजलेला पेटन मॅनिंग त्यांच्या हाताखाली खेळला. मॅनिंग गेल्यावर संघ संपला असं लोक म्हणत असतानाच, १९९८ च्या हंगामात तेराच्या तेरा सामने जिंकून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं. फिएस्टा बाउल या अंतिम सामन्यात फ्लोरिडा स्टेटला २३-१६ असं हरवून. मग उतार लागला. २००८ च्या नोव्हेंबरात, हंगाम संपायच्या आधीच, त्यांना जायला सांगितल्याचं जाहीर झालं. त्याच आठवड्यात संघ घरच्या मैदानावर वायोमिंगसारख्या संघाकडून १३-७ असा हरला. शेवटच्या सामन्यात केंटकीला हरवल्यावर खेळाडूंनी त्यांना खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेलं. ज्याला काढलंय त्यालाच खांद्यावर घेतलंय, हे दृश्य नॉक्सव्हिल विसरलं नाही, आणि पुढच्या नऊ वर्षांत विसरण्यासारखं काही घडलंही नाही. लेन किफिन एका वर्षात पळाले, डेरेक डूली तीन वर्षांत गेले, बुच जोन्स २०१७ चा हंगाम संपायच्या आधीच गेले आणि तो हंगाम आठ पराभवांनी संपला. एका हंगामात आठ पराभव हे या विद्यापीठाने तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

आता त्या २०१७ कडे जरा जवळून बघू. वर्षाच्या सुरुवातीला क्रीडासंचालकाची जागा रिकामी होती. फुल्मर यांचं नाव चर्चेत होतं, लोकांनाही तेच हवे होते. चॅन्सेलर बेव्हर्ली डॅव्हनपोर्ट यांनी मात्र जॉन करी यांना निवडलं. इथवर सगळं रीतसर. निवड झाली, एकाला जागा मिळाली, दुसऱ्याला नाही. पण करी खुर्चीत बसून तीन महिने होतात न होतात तोच जून महिन्यात अध्यक्ष ज्यो डिपिएट्रो यांनी फुल्मर यांची ‘विशेष सल्लागार’ म्हणून नेमणूक केली. विषय: समाजसंपर्क, क्रीडा, विद्यापीठसंबंध. म्हणजे क्रीडासंचालक उत्तर देणार चॅन्सेलरना, आणि क्रीडेबद्दल सल्ला देणारे बसणार चॅन्सेलरच्याही वरच्या मजल्यावर. जे पद त्यांना मिळालं नव्हतं, त्या पदाच्या डोक्यावर दोन पायऱ्या चढवून त्यांना बसवलं. आणि या सगळ्याचं नाव काय, तर सल्ला.

नोव्हेंबरात जोन्स गेले. २६ तारखेला करी यांनी कोचपदासाठी ग्रेग शियानो यांच्याशी बोलणी पक्की केल्याची बातमी फुटली आणि दुपारपर्यंत नॉक्सव्हिलमध्ये गदारोळ झाला. कॅम्पसवर एक मोठा खडक आहे, विद्यार्थी त्यावर हवं ते रंगवतात. त्या दिवशी त्याच्यावर शियानोंविरुद्ध मजकूर चढला. पेन स्टेटमधल्या जुन्या लैंगिक अत्याचार प्रकरणातल्या एका साक्षीत आलेला त्यांचा उल्लेख लोकांनी उकरून काढला होता. शियानोंनी तो आरोप नाकारला होता, पण ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. संध्याकाळपर्यंत करार मोडला. पुढचे पाच दिवस करी नवा कोच शोधत वणवण करत होते. १ डिसेंबरला त्यांना निलंबित करून त्याच दिवशी फुल्मर यांना क्रीडासंचालक केलं. ना जाहिरात, ना निवड समिती, ना दुसऱ्या उमेदवाराची मुलाखत. फेब्रुवारीत ज्या दारातून आत येता आलं नव्हतं, ते दार डिसेंबरात आतूनच उघडलं.

यामागे कट होता की नाही, यावर नॉक्सव्हिलमध्ये अजून वाद रंगतात. मला त्यात रस नाही. फुल्मर यांनी एक शब्दही वावगा उच्चारला नसेल असं धरून चालतो. उलट तसं धरलं की माझा मुद्दा जास्त पक्का होतो, कारण बोलण्याची गरजच नव्हती. एक लोकप्रिय पर्याय घरात बसवून ठेवला की घरातला कर्ता पहिल्या संकटात लंगडा होतो. देणगीदार करी यांना फोन करायच्या आधी कुणाला फोन करणार? माजी खेळाडूंनी गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं? पहिला दगड पडला तेव्हा करी यांच्या मागे उभं राहण्यात कुणाचाच फायदा नव्हता, कारण पर्याय चार पावलांवर हसतमुखाने तयार होता.

हे फुल्मर यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? १९९२ मध्ये टेनेसीचे कोच होते जॉनी मेजर्स. हंगामाच्या तोंडावर त्यांची हृदयशस्त्रक्रिया झाली आणि त्यांचे सहायक फुल्मर यांनी संघ सांभाळला. तीन सामने, तीनही जिंकले. त्यांत जॉर्जिया आणि फ्लोरिडासारखे संघ होते. मेजर्स घाईने परतले. सुरुवात बरी झाली, मग लागोपाठ तीन सामने थोडक्यात गेले. मेजर्सना जावं लागलं, फुल्मर कोच झाले. बारा महिन्यांपूर्वी कुणाच्या मनातही नसलेली गोष्ट, शेजारच्या खोलीत पर्याय तयार दिसला म्हणून घडली. मेजर्स पुढे पिट्सबर्गला गेले, जिथे त्यांनी १९७६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. त्या दुसऱ्या खेपेची चार वर्षांची जमा: १२ विजय, ३२ पराभव. जुन्या किमयेवर भरवसा ठेवणाऱ्यांनी हा आकडाही जवळ ठेवावा.

फुल्मर यांच्या कारभाराबद्दल लवकर आटोपतो, कारण ते सर्वश्रुत आहे. संचालक झाल्यावर सहा दिवसांत त्यांनी जेरेमी प्रूट यांना कोच म्हणून आणलं; अलाबामाचा बचाव सांभाळणारा, स्वतः कधी मुख्य कोच न झालेला माणूस. २०१९ चा हंगाम जॉर्जिया स्टेटसारख्या नवख्या संघाकडून घरच्या मैदानावर हरून सुरू झाला. तरी २०२० च्या सप्टेंबरात, नव्या हंगामाचा पहिला चेंडू पडायच्या आधी, प्रूट यांचा करार वाढवून दिला. त्या हंगामात तीन विजय, सात पराभव. मग भरतीतले गैरप्रकार बाहेर आले. १८ जानेवारी २०२१ ला प्रूट यांना काढलं आणि त्याच दिवशी फुल्मर यांची निवृत्ती जाहीर झाली. नियमभंगाच्या कारणावरून काढल्यामुळे, सव्वा कोटी डॉलरहून थोडी जास्त असलेली करारमोडीची भरपाई विद्यापीठाने दिली नाही. २०२३ च्या जुलैत एनसीएए या नियामक संस्थेचा निकाल आला: सर्वांत गंभीर दर्जाचे १८ भंग, सुटे प्रकार दोनशेच्या वर, विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून जास्त दंड. या निकालात फुल्मर यांच्यावर ठपका नाही. हे मुद्दाम नमूद करतो, कारण माझं म्हणणं त्यांच्या सचोटीबद्दल नाही. ते ज्या वाटेने खुर्चीपर्यंत आले त्या वाटेबद्दल आहे. रीतसर निवड झाली असती तर कुणीतरी विचारलं असतं की बाबा, तुम्ही चांगले कोच होता, पण शेकडो माणसांचा विभाग चालवण्याचा तुमचा अनुभव काय? सल्लागाराला ही मुलाखत द्यावीच लागली नाही.

आता दुसऱ्या बाजूचे हुकमाचे एक्के. पहिला एक्का टॉम ऑस्बॉर्न. नेब्रास्काचा हा कोच २५५ विजय आणि तीन राष्ट्रीय विजेतेपदं नावावर घेऊन १९९७ च्या हंगामानंतर थांबला, अमेरिकी संसदेत जाऊन आला, आणि २००७ च्या ऑक्टोबरात विद्यापीठाने क्रीडासंचालकाला काढल्यावर त्या जागी परत आला. काम चोख झालं. कोच बदलला, संघ सावरला, विद्यापीठ बिग टेन या श्रीमंत गटात गेलं, आणि २०१३ च्या सुरुवातीला ऑस्बॉर्न घरी गेले. दुसरा एक्का बिल स्नायडर. कॅन्सस स्टेट हा देशातला सर्वांत गचाळ समजला जाणारा संघ त्यांनी उभा केला, २००५ मध्ये निवृत्ती घेतली, स्टेडियमला त्यांच्या घराण्याचं नाव लागलं. तीन वर्षांनी संघ पुन्हा घसरल्यावर ते परतले आणि २०१२ मध्ये बिग ट्वेल्व्ह या गटाचं विजेतेपद आणलं.

दोन्ही उदाहरणं खरी आहेत आणि दोन्ही माझ्या बाजूची आहेत. या दोघांपैकी सल्लागार म्हणून कोण आलं? ऑस्बॉर्न आले ते पहिल्याची गच्छंती झाल्यावर, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून नव्हे. आल्या आल्या कोचला काढण्याचा कटू निर्णय त्यांनी स्वतःच्या सहीने घेतला. स्नायडर सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा मैदानाच्या कडेला उभे राहिले, हरले की पत्रकारांसमोर बसले. म्हाताऱ्या माणसाला काम देऊ नका असं मी म्हणतच नाही. काम द्या. अधिकार द्या आणि त्याचा हिशेबही मागा. अधिकार अर्धा, हिशेब शून्य, असलं पद निर्माण करू नका.

सल्लागारपदाची खरी सोय हीच आहे की त्याचा हिशेब लागत नाही. आपल्याकडे २०२१ च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकाला महेंद्रसिंग धोनीला ‘मेंटॉर’ म्हणून नेलं होतं. संघ उपांत्य फेरीआधीच परतला. खापर धोनीवर फुटलं नाही, फुटायला नकोच होतं. पण समजा चषक आला असता, तर श्रेयाचा मोठा वाटा कुणाच्या पदरात गेला असता? पराभव कोचचा, विजय मेंटॉरचा, ही वाटणी ज्या पदात आधीच ठरलेली असते ते पद कुठल्याही आजी कोचने हसून स्वीकारावं, ही अपेक्षा क्रूर आहे.

‘अनुभव’ या मुद्द्याचं काय? २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत एनसीएएच्या नियमाने ठरावीक सहायक सोडून बाकी कुणाला मैदानावर शिकवताच येत नव्हतं. सल्लागार असो की विश्लेषक, त्याने खोलीत बसून चित्रफिती पाहायच्या. आता ते बंधन गेलंय, म्हणून जुन्यांना आणण्याची हाक नव्या जोराने उठते. पण याच काळात खेळाचा धंदा मुळापासून बदलला. २०२१ च्या जुलैपासून खेळाडू स्वतःच्या नावावर पैसे कमवू लागले. संघ बदलणं इतकं सोपं झालं की दर हिवाळ्यात अर्धा संघ नव्याने बांधावा लागतो. २०२५ पासून विद्यापीठं थेट उत्पन्नातला हिस्सा मुलांना देतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा दोन कोटी डॉलरच्या थोडी वर. समोरच्याला कसं अडवायचं, तिसऱ्या प्रयत्नात कुठली चाल टाकायची, हे १९९८ मधलं ज्ञान आजही उपयोगाचं आहे, मान्य. पण आज कोचची झोप उडवणारा प्रश्न चालीचा नसतो. आपला दुसऱ्या फळीतला क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, जानेवारीत कुणाकडे जाणार आणि त्याला थांबवायला किती लागतील, हा असतो. त्यावर जुन्या साहेबांकडे उत्तर नाही, हा त्यांचा दोष नव्हे. त्यांच्या काळात तो प्रश्नच नव्हता.

अनुभव वापरायची नीट पद्धत याच खेळात होती आणि ती टेनेसीच्या वैऱ्याच्या घरी होती. अलाबामाचे निक सेबन इतर ठिकाणांहून काढलेल्या मुख्य कोचना विश्लेषक म्हणून ठेवून घेत. स्टीव्ह सार्किसियन तिथेच सावरले. टेनेसीने हाकललेले बुच जोन्सही २०१८ मध्ये तिथेच रुजू झाले, आणि त्या ऑक्टोबरात अलाबामाने नेलंडवर येऊन टेनेसीला ५८-२१ असं धुतलं. ही मंडळी माजी मुख्य कोचच होती, मग फरक कुठे पडला? त्यांना सेबन यांनी स्वतः निवडलं होतं. काम सेबन देत, नको झाले तर सेबनच काढणार. आणि अलाबामात त्यांच्या नावाचा रस्ता नव्हता. त्यांच्या मागे गर्दी नव्हती, देणगीदार नव्हते, खांद्यावर घेणारे खेळाडू नव्हते. सल्ला देणाऱ्याकडे फक्त सल्लाच असावा लागतो. ज्याच्याकडे शहर आहे त्याचा सल्ला हा सल्ला राहत नाही, त्याने कितीही नम्रपणे दिला तरी.

राहिला कृतज्ञतेचा मुद्दा, आणि खरं म्हणजे सगळ्यांच्या मनात असतो तो हाच. ‘ज्यांनी एवढं दिलं त्यांना असं वाऱ्यावर सोडायचं?’ सोडू नका. नेलंड स्टेडियमला लागून जो रस्ता जातो त्याचं नाव फिलिप फुल्मर वे आहे. ते योग्यच आहे. याच विद्यापीठाने बास्केटबॉलच्या पॅट समिट यांचा मान कसा ठेवला तेही पाहण्यासारखं आहे. आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणाऱ्या या बाईंना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. २०१२ मध्ये त्या थांबल्या, त्यांच्या सहायक हॉली वॉरलिक कोच झाल्या, आणि समिट यांना ‘मानद मुख्य कोच’ हे नाव मिळालं. मान हा मान म्हणूनच दिला, संघ वॉरलिक यांच्या हाती दिला. सन्मानाला कामाचा मुलामा द्यायची गरज पडली नाही. फुटबॉलच्या बाबतीत हा मुलामा का लागतो, तर विद्यापीठाच्या मोठ्यांना जुन्या कोचची सेवा नको असते, त्यांचा फोटो हवा असतो. रागावलेल्या देणगीदारांना दाखवायला चेहरा हवा असतो. मग तसं स्पष्ट सांगा, वर्षातून चार समारंभांना बोलवा, पहिल्या रांगेत बसवा. त्या फोटोखाली ‘सल्लागार’ लिहिलं की नव्या कोचच्या पायाखालची जमीन जाते, आणि जुन्या माणसालाही आपण आता पुन्हा निर्णय घेतो आहोत असं वाटू लागतं. कुणाला वाटणार नाही?

२०२१ मध्ये टेनेसीने हे सगळं गुंडाळून ठेवलं. बाहेरचे संचालक डॅनी व्हाइट आले, त्यांनी आपल्या आधीच्या विद्यापीठातून जॉश हायपल यांना आणलं. त्यांचा टेनेसीच्या मातीशी काही संबंध नव्हता. खेळाडू म्हणून ते ओक्लाहोमाचे. २०२२ च्या ऑक्टोबरात या संघाने अलाबामाला ५२-४९ असं हरवलं आणि लोकांनी गोलपोस्ट उपटून टेनेसी नदीत नेऊन टाकला. एका विजयावरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं. पण ‘आपल्या माणसाशिवाय हे घर चालायचं नाही’ हे म्हणणं तरी त्या दिवशी नदीत गेलं.

आणि एवढं होऊनही जुन्या कोचला बोलवायचंच असेल, तर हायपल ज्या ओक्लाहोमाकडून खेळले तिथला दाखला घ्या. बॉब स्टूप्स १८ हंगाम तिथे कोच होते, २०१७ मध्ये निवृत्त झाले. २०२१ च्या नोव्हेंबर अखेरीस त्यांच्यानंतरचे कोच लिंकन रायली रातोरात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे निघून गेले आणि संघासमोर अलामो बाउलचा सामना उभा होता. स्टूप्स यांचा मुलगा ड्रेक त्या संघात खेळत होता. विद्यापीठाने स्टूप्स यांना विचारलं, ते आले, हंगामी कोच म्हणून, एका सामन्यापुरते. आठवडाभरात नवे कोच ब्रेंट व्हेनेबल्स नेमले गेले; त्यांनी खेळाडूंच्या भरतीचं काम सुरू केलं, स्टूप्स यांनी सराव घेतला. कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. २९ डिसेंबरला ओक्लाहोमाने ओरेगॉनला ४७-३२ असं हरवलं. हरले असते तर तो पराभवही स्टूप्स यांच्याच खात्यावर लिहिला गेला असता, आणि ही अट मान्य करूनच ते आले होते. जिंकल्यावर त्यांनी सल्लागाराची खुर्ची मागितली नाही, आणि विद्यापीठाने ती पुढे सरकवलीही नाही.